समुद्राचे उत्पन्न आणि मोजणाऱ्याचे हात



या व्यासपीठावरून आम्ही बोलणार म्हणजे किमान वेतन, कंत्राटी कामगार किंवा बोनस यांपैकी काहीतरी कानांवर पडणार, अशा समजुतीने आपणांपैकी काही मंडळी आली असतील. फलकावरचा विषय वाचून त्यांना चुकल्यासारखे झाले असेल. सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या दारांत ज्यांचे आयुष्य गेले त्यांनी समुद्राच्या गोष्टी कशाला सांगाव्यात? आमचे उत्तर साधे आहे. काम किती झाले हे कोण मोजतो आणि कसे मोजतो, या एकाच प्रश्नावर आम्ही तीस वर्षे भांडत आलो. हाच प्रश्न शास्त्रज्ञांनी समुद्राला विचारला तेव्हा त्यांनाही आमच्याइतकाच मनस्ताप झाला, असे वाचनात आले आणि आम्ही त्या विषयाच्या मागे लागलो. शाळा आम्ही लवकर सोडली. जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकांवर. तेव्हा पदवीधरांनी आमची भाषा सांभाळून घ्यावी आणि इतरांनी न समजलेले खुशाल विचारावे.

नाशिकला समुद्र नाही, हे खरे. पण आपण बसलो आहोत ते गंगेच्या काठी. गोदावरीला आपण गंगाच म्हणतो. हे पाणी त्र्यंबकला ब्रह्मगिरीवर निघते. तेथून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. परंतु ही नदी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि जवळजवळ दीड हजार किलोमीटर चालून आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत गंगापूर धरण, पैठणचे धरण आणि शेवटी राजमहेंद्रीजवळचा धवळेश्वरम्‌चा बंधारा हे सारे तिला अडवतात. तरी पावसाळ्यात ती गाळ, नत्र आणि स्फुरद घेऊन समुद्रात उतरतेच. या पाण्याने उपसागर सुपीक होतो काय? उत्तर ऐकून आम्ही चकित झालो होतो. ते शेवटाकडे सांगू. आधी समुद्रात पिकवतो कोण, ते पाहू.

जमिनीवर गवत, झाडे, पिके ही सूर्यप्रकाश आणि हवेतला कर्बवायू यांपासून अन्न तयार करतात. बाकीचे सारे प्राणी, आपण धरून, त्यांच्यावर जगतात. समुद्रात हे काम डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती करतात. एकेका पेशीची वनस्पती, पाण्यात तरंगणारी, प्रवाह नेईल तिकडे जाणारी. शास्त्रीय मराठीत तिला वनस्पतिप्लवक म्हणतात. तिला खाणारे बारीक जीव, त्यांना खाणारी तारली आणि बांगडा, त्यांना खाणारी सुरमई, आणि सुरमईला खाणारे आपण. ही सारी उतरंड त्या तळच्या मडक्यावर उभी आहे. एका पायरीवरून वरच्या पायरीवर जाताना साधारण दहावा हिस्साच वर पोहोचतो. म्हणजे तळाच्या हिशेबातली चूक वरपर्यंत चढत जाते. तळच्या या उत्पन्नालाच प्राथमिक उत्पादन असे नाव आहे.

पृथ्वीवरच्या एकूण वनस्पतींचे वजन केले तर समुद्रातल्या या वनस्पतींचा वाटा एक टक्काही भरत नाही. आणि कामाचा वाटा? १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या हिशेबानुसार साऱ्या पृथ्वीवर वर्षाला सुमारे एकशेपाच अब्ज टन कर्ब वनस्पतींच्या अंगी लागतो, आणि त्यांतला अठ्ठेचाळीस अब्ज टनांहून अधिक समुद्रातला असतो. जवळजवळ निम्मा! वजन शंभरात एकही नाही, आणि काम निम्मे. हे कसे? झाड हा शिल्लक टाकणारा संसार आहे. वर्षानुवर्षे लाकूड साठवतो. समुद्रातल्या पेशीचे हातावर पोट आहे. ती आज जन्मते, दोन-चार दिवसांत दुप्पट होते आणि तितक्याच वेगाने खाल्ली जाते. साठा पाहून तिचे काम कळत नाही. सायंकाळी झोपडीत धान्य किती उरले ते पाहून कोणी मजुराची दिवसाची मेहनत ठरवू लागला तर आपण त्याला हसू. समुद्राच्या बाबतीत ही चूक पुष्कळ काळ झाली. म्हणून वनस्पती किती आहेत हे मोजून भागत नाही. त्या दिवसाला किती कमावतात, हे मोजावे लागते.

पहिली चांगली युक्ती नॉर्वेत निघाली. १९२७ साली गार्डर आणि ग्रान या दोघांनी ती प्रसिद्ध केली. एकाच ठिकाणचे पाणी दोन बाटल्यांत भरायचे. एक बाटली पारदर्शक, दुसरी काळी. दोन्ही दोरीला बांधून पुन्हा त्याच खोलीवर सोडायच्या. पारदर्शक बाटलीत वनस्पती प्रकाशात अन्न तयार करतात आणि प्राणवायू सोडतात. काळ्या बाटलीत अंधार असल्यामुळे काम बंद, पण श्वास चालूच. तेथला प्राणवायू घटतो. समजा, सकाळी दोन्ही बाटल्यांत प्राणवायूचे आठ भाग होते. सायंकाळी पारदर्शक बाटलीत दहा निघाले आणि काळ्या बाटलीत सात. म्हणजे शिल्लक दोन, जगण्यासाठी खर्च एक, आणि एकूण कमाई तीन. कामगारांना हे समजावून सांगावे लागत नाही. पगारपत्रकावरची ढोबळ रक्कम निराळी आणि घरी पोहोचणारी निराळी. शास्त्रज्ञही ढोबळ उत्पादन आणि निव्वळ उत्पादन असेच शब्द वापरतात.

ही रीत खाडीत आणि किनाऱ्यालगत चांगली चालली. भर समुद्रात मात्र वनस्पती इतक्या विरळ की दिवसभरात प्राणवायूत पडणारा फरक मोजता येईना. म्हणून बाटल्या कित्येक दिवस ठेवाव्या लागल्या, आणि तेवढ्या दिवसांत काचेवर सूक्ष्म जंतू वाढून सारा हिशेब बिघडू लागला. डेन्मार्कच्या स्टीमान नील्सन यांनी दुसरा मार्ग काढला. १९५० ते १९५२ या काळात ‘गॅलाथीआ’ नावाच्या जहाजाने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तिच्यावर त्यांनी किरणोत्सारी कर्ब वापरला. पाण्यात मोजूनमापून थोडासा खुणेचा कर्ब घालायचा आणि काही तासांनी वनस्पतींच्या अंगी त्यांतला किती लागला ते पाहायचे. बँकेतल्या नोटांवर खूण करून त्या बाजारात कोणाकडे गेल्या ते पाहावे, तसा हा प्रकार. रीत अतिशय नाजूक, आणि फार थोडे कामही तिला दिसते.

आता या दोन रीतींतून काय निघाले ते ऐका. प्राणवायूच्या रीतीवरून अमेरिकेतले रायली यांनी १९४४ साली साऱ्या समुद्राचे वार्षिक उत्पन्न सव्वाशे अब्ज टन कर्ब असे मांडले होते. स्टीमान नील्सन यांचा आकडा निघाला पंधरा अब्ज टन. समुद्र एकच, काम एकच, आणि हिशेबात आठपटींचा फरक! वाटाघाटींच्या टेबलावर मालकाचा आणि युनियनचा आकडा इतका लांब असला तर आम्ही उठून बाहेर येतो. शास्त्रज्ञांना उठून जाता येत नाही. वर्षानुवर्षे त्यांचा वाद चालला.

हा वाद चालू असतानाच आपल्या देशाने या कामात पाऊल टाकले. १९६० ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. अनेक देशांची मिळून चाळीसएक जहाजे तिच्यात होती. आपल्या नौदलाची ‘कृष्णा’ ही युद्धनौकाही होती. मोहीम संपताच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. गोव्यात दोनापावला येथे तिचे मुख्य ठाणे आहे. १९७६ साली तिला ‘गवेषणी’ हे जहाज मिळाले. ते मुळात गाळ वाहून नेणाऱ्या जहाजाचे रूपांतर करून सिद्ध केलेले होते. गाळाच्या जहाजाचे प्रयोगशाळेचे जहाज करणाऱ्या गोदी कामगारांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत, तरी त्यांची आठवण येथे करणे आम्हांला उचित वाटते. पुढे १९८३ साली जर्मनीत बांधलेली ‘सागरकन्या’ आली, १९८४ साली डेन्मार्कहून ‘सागर संपदा’ आली, आणि २०१४ साली ‘सिंधु साधना’ ही आपल्याच देशात, सुरतेला बांधलेली.

अशा जहाजावरचा मापनाचा दिवस पहाटेच्या अंधारात सुरू होतो. लोखंडी चौकटीत गोलाकार बसवलेल्या लांबट बाटल्या दोरावरून खाली सोडतात. दोन्ही टोकांना उघड्या असलेल्या या बाटल्या ठरलेल्या खोलीवर आल्या की झाकणे आपोआप मिटतात. पृष्ठभाग, दहा मीटर, वीस, चाळीस, साठ, असे शंभर-सव्वाशे मीटरपर्यंतचे पाणी वर येते. त्याच्या खाली उजेड इतका कमी की पीक जवळजवळ नाहीच. मंद उजेडात हे पाणी लहान बाटल्यांत भरतात. अंधारातून वर आलेल्या पेशीला एकदम प्रखर उजेड दाखवला तर ती दुखावते. मग त्यांत खुणेचा कर्ब घालतात. आपल्याकडे तो अणुशक्ती खात्याच्या मुंबईच्या मंडळाकडून येतो. काही बाटल्या पारदर्शक, काही काळ्या. सूर्योदयापूर्वी त्या सगळ्या तरंगत्या पिंपाला लांब दोरी बांधून ज्या त्या खोलीवर पुन्हा सोडतात. जहाज दिवसभर त्या पिंपाची पाठ सोडत नाही. पिंप हरवले तर दिवस गेला.

सूर्यास्ताला बाटल्या वर घेतात. पाणी काचतंतूंच्या बारीक गाळणीतून गाळतात. गाळणीवर उरलेल्या वनस्पतींना आम्लाची वाफ देतात, म्हणजे अंगी न लागलेला, वरवर चिकटलेला कर्ब उडून जातो. मग यंत्रात खुणेच्या कर्बाचे ठोके मोजतात. खोलीखोलीचे आकडे एकत्र करून एका चौरस मीटर पृष्ठभागाखाली दिवसाला इतके मिलिग्रॅम कर्ब असा जमाखर्च मांडतात. काही तासांत बाटल्या काढल्या तर आकडा ढोबळ उत्पादनाच्या जवळ पडतो, पूर्ण दिवस ठेवल्या तर निव्वळाच्या जवळ. इतकी काळजी घेऊनही मधली एक बाजू शास्त्रज्ञ सांभाळून बोलतात, ही गोष्ट आम्हांला फार आवडली.

येथे आम्हांला आमच्या एका कारखान्यातली हकीकत सांगावीशी वाटते. कारखान्याचे नाव सांगत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी तेथे एका खात्यात कामाचे माप घेण्यासाठी घड्याळवाले गृहस्थ आले. गृहस्थ सज्जन होते. त्यांनी आठ दिवस बसून टिपणे केली आणि अहवाल दिला की कामगार ठरल्यापेक्षा कमी माल काढतात. दर कापण्याची भाषा सुरू झाली. आम्ही सभा घेतल्या, भाषणे ठोकली, पण आकड्याला उत्तर आमच्यापाशी नव्हते. उत्तर दिले झाडूवाल्या बाईंनी. त्या म्हणाल्या, “साहेबांचं टेबल जिथं मांडलंय ना दादा, तिथं आधी मालाचा ट्रे असायचा. आता पोरांना दर खेपेला मागं वळून दोन पावलं चालावं लागतंय.” मोजणाऱ्याचे टेबलच कामाच्या वाटेत होते! टेबल हलवले, पुन्हा माप घेतले, आणि आकडा जागेवर आला. आठ दिवस आम्ही सारे शहाणे त्या टेबलाभोवती उभे होतो आणि कोणालाही ते दिसले नव्हते.

समुद्रावर नेमके हेच घडले. १९८२ साली कॅलिफोर्नियातील फिट्झवॉटर, नॉअर आणि मार्टिन या तिघांनी दाखवून दिले की पाणी गोळा करण्याच्या सामानातून आणि खुद्द खुणेच्या कर्बाच्या द्रावणातूनही धातूंचे सूक्ष्म अंश पाण्यात मिसळतात आणि वनस्पतींना विष देतात. पुढे असेही दिसले की बाटलीची झाकणे ओढून धरणारे आतले काळे रबरसुद्धा त्यांना मारक आहे. तांब्याचा अंश बारीक जीवांचे काय करतो, हे निफाड-दिंडोरीच्या बागायतदारांना आम्ही काय सांगावे? द्राक्षांवरची बुरशी मारायला ते मोरचुदाचे बोर्डो मिश्रण फवारतात. मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार. भर समुद्रातल्या निर्मळ पाण्यात वाढलेल्या पेशींना त्याचा अगदी लेशसुद्धा सोसत नाही.

म्हणजे झाले काय? वर्षानुवर्षे आपण त्या पेशींना विषारी बाटलीत कोंडले, त्या अर्धमेल्या झाल्या, आणि आपण निकाल दिला की भर समुद्र हे वाळवंट आहे, तेथे कोणी काम करत नाही. कोणाचा हेतू वाईट नव्हता. नुसते टेबल वाटेत होते. त्यानंतर रबर बदलले, पोलादी दोराऐवजी धातूविरहित दोर आले, बाटल्या आम्लाने धुऊन हातमोजे घालून हाताळण्याची शिस्त आली. भर समुद्रातले आकडे चढले. आज एकूण समुद्राचे उत्पन्न वर्षाला पन्नास अब्ज टन कर्बाच्या आसपास धरतात. रायलींच्या सव्वाशेहून पुष्कळ कमी आणि स्टीमान नील्सन यांच्या पंधराच्या तिप्पट. त्या तफावतीची इतर कारणेही आहेत. पण एक मोठे कारण मोजणाऱ्याच्या हातांत होते, हे विसरू नये.

हात स्वच्छ झाल्यावर आपल्या दोन समुद्रांविषयी काय कळले? १९९० च्या दशकात ‘सागरकन्या’ आणि ‘सागर संपदा’ यांनी अरबी समुद्रात ऋतूऋतूंत फेऱ्या केल्या. पावसाळ्यात नैर्ऋत्येचे वारे सोमालिया, ओमान आणि केरळच्या किनाऱ्यांलगत खालचे थंड, क्षारयुक्त पाणी वर आणतात आणि तेथे भरघोस पीक येते, हे ठाऊक होते. पण उत्तर अरबी समुद्र हिवाळ्यातही हिरवा होतो, त्याचे काय? मधुप्रताप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली त्याचा उलगडा केला. ज्या दिवसांत निफाडला पारा उतरतो आणि बागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात, त्याच दिवसांत उत्तरेकडचे कोरडे गार वारे समुद्राचा पृष्ठभाग थंड करतात. थंड पाणी जड होऊन खाली बसते, खालचे वर येते. रवीने डेरा घुसळावा तसे वरचे थर ढवळले जातात आणि नत्र उजेडात येते.

आता आपल्या गंगेचे उत्तर. २००१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ‘सागरकन्या’ बंगालच्या उपसागरात गेली. गोदावरी, कृष्णा, महानदी, गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती अशा महानद्या ज्यात उतरतात तो उपसागर सुपीक असेल असे कोणालाही वाटावे. पण अरबी समुद्रापेक्षा तेथले उत्पन्न पुष्कळच कमी भरले. प्रसन्न कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली कारण मांडले. नद्यांचे आणि पावसाचे गोडे पाणी हलके, म्हणून ते खाऱ्या पाण्यावर झाकणासारखे पसरते. तेथला वारा ते झाकण फोडण्याइतका जोरकस नाही. खाली नत्राचे कोठार भरलेले, वर उजेड, आणि मध्ये झाकण. नद्यांनी आणलेले खत किनाऱ्याजवळच संपते, आणि त्यांच्या गाळाने तेथला उजेडही अडतो. कोठारात धान्य आहे आणि दाराला कुलूप आहे, ही स्थिती आम्हांला माणसांच्या जगातही ओळखीची आहे.

कोणी म्हणेल, आता आकाशात उपग्रह आहेत, समुद्राचा हिरवा रंग वरून दिसतो, मग जहाजांचा खर्च कशाला? उपग्रहांचे उपकार मोठे आहेत. हैदराबादचे समुद्र माहिती केंद्र त्यांच्याच आधारे मच्छीमारांना मासळीच्या जागा कळवते. पण उपग्रहाला पाण्याचा वरचाच थर दिसतो. उपसागरात पुष्कळदा पीक त्याखाली, पन्नास-साठ मीटरवर असते. शिवाय पावसाळ्यात, म्हणजे अरबी समुद्राच्या भर सुगीत, मध्ये ढग येतात. आणि हिरवेपणा हा पुन्हा साठाच. कमाई त्यावरून अंदाजाने काढावी लागते.

म्हणूनच वाद होतात. १९९७ नंतरच्या काही वर्षांच्या चित्रांवरून २००५ साली एका गटाने लिहिले की पश्चिम अरबी समुद्राचे उत्पन्न झपाट्याने वाढत आहे. दुसऱ्यांनी त्यावर शंका घेतली. २०१६ साली पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी उपग्रह आणि गणिती प्रतिकृती यांवरून उलट लिहिले : पाणी तापते आहे, वरचा थर हलका होतो आहे, आणि पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत वनस्पती वीस टक्क्यांपर्यंत घटल्या असाव्यात. म्हणजे उपसागरावरचे झाकण आता इकडेही बसू लागले आहे. एकाचा हिशेब सात-आठ वर्षांचा, दुसऱ्याचा साठ वर्षांचा. निवाडा करायला समुद्रात जाऊन, त्याच जागी, वर्षानुवर्षे, स्वच्छ बाटलीने पाणी काढण्याला पर्याय नाही.

हा वाद पंडितांपुरता नाही. समुद्र किती पिकवतो यावरून मासळी किती काढावी, किती यांत्रिक नौकांना परवाने द्यावे, याचे अंदाज बांधले जातात. आकडा फुगला तर नसलेल्या मासळीवर कर्ज काढून नौका उतरतात, आणि जाळे रिकामे आले की रत्नागिरी-मालवणचा छोटा मच्छीमार बुडतो. आकडा खोटाच आखडला तर त्याच मच्छीमाराला समुद्र संपला असे सांगून किनाऱ्यावरून उठवता येते. दोन्हीकडून मरण त्याचेच. म्हणून समुद्राचे माप सरकारी पैशाने, उघडपणे, आणि कोणालाही तपासता येईल असे झाले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. जहाजे जुनी होतात, मोहिमांचे दिवस कापले जातात, तेव्हा ती बातमी आपण आतल्या पानावर सोडून देतो. ती आपल्या ताटातली बातमी आहे.

या साऱ्या वाचनातून आम्ही एक गोष्ट युनियनच्या कचेरीत घेऊन आलो. पूर्वी प्रतिकूल आकडा समोर आला की आम्ही म्हणत असू, आकडे खोटे आहेत. आता आम्ही विचारतो, टेबल कोठे ठेवले होते? आणि हा प्रश्न स्वतःलाही विचारतो. आमच्या संपाच्या हजेरीपटांत, आमच्या वर्गणीच्या वह्यांतही कोठे काळे रबर असू शकते.

समोर गंगेचे पाणी आहे. उन्हाळ्यात ते फार थोडे आहे. पावसाळ्यात पुन्हा भरेल, दुतोंड्या मारुतीच्या अंगावर चढेल, आणि आपण पूर पाहायला याच घाटावर जमू. तेव्हा हे पाणी जेथे पोहोचायचे आहे तेथे काय होते, याची थोडी आठवण ठेवावी, एवढेच मागणे आहे.